ऋणमुक्तीचे सुख आणि घराची प्रसन्नता

(गृहस्थ उपासक-उपासिकांसाठी धम्मपाठ)



धम्मदीक्षा घेतली म्हणून सावकाराची वही कोरी होत नाही. दीक्षेच्या आदल्या दिवशी घरावर जेवढे कर्ज असते, तेवढेच दुसऱ्या दिवशीही असते. कोणाचे मुलीच्या लग्नाचे, कोणाचे वडिलांच्या आजारपणाचे, कोणाचे बी-खताचे, तर कोणाचे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेले. म्हणून नव्याने बौद्ध झालेल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो : "धम्म हा सुखाचा मार्ग आहे हे पटते, पण पगार हाती येण्याआधीच ज्याच्या वाटण्या झालेल्या असतात, त्या घराने प्रसन्न राहायचे कसे?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. कर्जाने पैसा जातो हे खरेच. पण त्याआधी घरातले बोलणे जाते, हसणे जाते. नवरा-बायकोत संशय शिरतो, मुले दबून राहतात आणि चिंता विसरायची म्हणून दारू घरात येते. अशा घरात त्रिशरण-पंचशील ओठांवर राहते, जगण्यात उतरत नाही. या प्रश्नाचे उत्तर तथागतांच्या उपदेशात आहे. ते आज समजून घेऊ.

१. दारिद्र्य हे दुःखच

बौद्ध धम्म गरिबीचा गौरव करतो असा काहींचा समज आहे. भिक्खू घर सोडतो, चीवर आणि भिक्षापात्र घेतो, ते स्वेच्छेने. गृहस्थाची गरिबी स्वेच्छेची नसते. अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात इणसुत्त आहे. 'इण' म्हणजे ऋण. त्यात भगवान भिक्खूंना विचारतात की, संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे ना? भिक्खू होकार देतात. मग भगवान एकेक पायरी पुढे नेतात. दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख. कबूल केलेले व्याज भरावे लागते, तेही दुःख. व्याज थकले की तगादा सुरू होतो. तगाद्याने भागले नाही की धनको पाठीमागे फिरू लागतो. शेवटी तो ऋणकोला बांधतो. दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन अशा या सहा पायऱ्या.

ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या सालगडी म्हणून दुसऱ्याच्या वाड्यावर राबल्या, त्याला या पायऱ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. कर्जापोटी माणसाला राबवून घेण्याची पद्धत संसदेने १९७६ साली कायद्याने रद्द केली. भगवंतांनी तिला अडीच हजार वर्षांपूर्वीच दुःख म्हटले होते.

यातून पहिला बोध घ्यावा. कर्जबाजारीपणा हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ नाही. त्याची कारणे याच जन्मातली आहेत : अपुरी मजुरी, जमीन नसणे, आजार, चढे व्याज आणि आपल्याच काही चालीरीती. जिथे कारण सापडते तिथे उपायही करता येतो. म्हणून कर्जदार उपासकाने मान खाली घालून चालण्याचे कारण नाही.

इणसुत्त एवढ्यावर संपत नाही. पुढे भगवान हाच दृष्टांत शीलाला लावतात. काया, वाचा, मनाने केलेले दुराचरण हे कर्ज. ते लोकांना कळू नये म्हणून केलेली लपवालपवी हे त्याचे व्याज. सज्जन सोबत्यांनी केलेली कानउघाडणी हा तगादा. आणि एकांतात मनाला टोचणारा पश्चात्ताप हा पाठलाग.

लपवालपवी म्हणजे व्याज. हे वाक्य प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे, कारण घरच्या कर्जालाही ते तंतोतंत लागू पडते. समजा, एका घरधन्याने बायकोला न सांगता दहा हजार रुपये काढले. पुढे ती विचारते, "अहो, या महिन्याला पैसे कमी कसे?" तो म्हणतो, "कापून घेतले." पुढच्या महिन्यात दुसरे कारण. मग किराणावाल्याची उधारी वाढते आणि ती लपवण्यासाठी आणखी दोन हजार काढावे लागतात. सावकाराचे व्याज एका दराने वाढते, खोट्याचे त्याहून चढ्या दराने. घरातली प्रसन्नता खाणारे व्याज ते हेच. सावकाराचे मुद्दल फेडायला वर्षे लागतील. हे दुसरे व्याज मात्र एका संध्याकाळी खरे बोलून बंद करता येते.

२. गृहस्थाची चार सुखे

श्रावस्तीचा सुदत्त, ज्याला आपण अनाथपिंडिक म्हणून ओळखतो, त्याला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांसाठीच्या प्रवचनांत या उपदेशाला जागा दिली आहे.

पहिले अत्थिसुख. स्वतःच्या मेहनतीने, घाम गाळून, धर्माने मिळवलेले काही आपल्याजवळ आहे याचे सुख. दुसरे भोगसुख. त्या मिळकतीचा उपभोग घेण्याचे आणि तिच्यातून सत्कर्म करण्याचे सुख. तिसरे आनण्यसुख. कोणाचेही थोडे वा फार देणे नाही याचे सुख. चौथे अनवज्जसुख. काया, वाचा, मनाने आपण निर्दोष आहोत याचे सुख.

ऋणमुक्तीला भगवंतांनी स्वतंत्र सुखाचा मान दिला आहे, हे लक्षात घ्या. त्यामुळे कर्ज फेडण्याची धडपड हे केवळ व्यवहाराचे काम उरत नाही, ते धम्माचरण ठरते. त्याच ठिकाणी भगवान सांगतात की, पहिली तिन्ही सुखे चौथ्या सुखाच्या सोळाव्या भागाचीही बरोबरी करू शकत नाहीत. जुन्या माणसांना रुपयाचे सोळा आणे आठवतील. अनवज्जसुख हा पूर्ण रुपया धरला, तर बाकीच्या तिघांची किंमत एक आणाही भरत नाही.

आता कर्जदार कुटुंबाने आपली परिस्थिती या चार सुखांवर तपासून पाहावी. कष्टाची कमाई आहे, म्हणजे पहिले सुख थोडेबहुत आहे. दोन वेळची भाकरी मिळून खातो, म्हणजे दुसरेही थोडे आहे. तिसरे आज नाही, ते मिळवायचे आहे. पण सर्वांत मोठे जे चौथे, त्यावर कोणत्याही सावकाराची जप्ती येऊ शकत नाही. खोटे न बोलणे, कोणाला न फसवणे, दारूला न शिवणे, घरात हात न उगारणे यासाठी पैसा लागत नाही. कर्ज फिटेपर्यंत आनंद पुढे ढकलावा लागतो हा समज म्हणून चुकीचा आहे. ज्याचा हिशेब घरात उघडा आहे, त्याला सोळा आण्यांचा आनंद आजच खुला आहे.

३. कर्ज कशासाठी?

दीघ निकायाच्या सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रूशी बोलताना भगवंतांनी मनाची आवरणे दूर झाल्यावर होणाऱ्या आनंदाला काही उपमा दिल्या आहेत. त्यांतली पहिलीच ऋणमुक्त माणसाची आहे. एक माणूस कर्ज काढून धंद्यात घालतो. धंदा चालतो. तो जुने कर्ज फेडतो आणि बायकोच्या पोषणासाठी काही शिल्लकही उरते. त्या माणसाला जो हर्ष होतो, तसा हर्ष चित्तशुद्धीने होतो, असे भगवान सांगतात. पालीत या हर्षाला 'पामोज्ज' म्हणतात. हा आनंद भगवंतांना नीट ठाऊक होता, म्हणूनच त्यांनी तो उपमेला घेतला.

या उपमेतला माणूस कर्ज कशासाठी काढतो ते पाहा. तो कामासाठी काढतो. मांडवासाठी, वरातीसाठी किंवा शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी काढत नाही. कामाच्या कर्जात फेडीचे बीज असते. मिरवण्याच्या कर्जात ते नसते.

बाबासाहेबांच्या आयुष्यात याचे उदाहरण आहे. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार चांगला होता, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच होते आणि माता रमाईंनी घरखर्च आखडता ठेवला होता. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा साठत होता. १९२० साली ते लंडनला गेले ते ही शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर. लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन ते दिवसदिवस ग्रंथालयात बसत. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. लंडनमध्येच ते बॅरिस्टरही झाले. कर्ज विद्येसाठी, काटकसर विद्येसाठी. त्या चाळीतल्या काटकसरीला हेतू होता, म्हणून ती दीनवाणी नव्हती. आपल्या घरातल्या काटकसरीलाही असाच हेतू असावा आणि तो मुलांना माहीत असावा.

४. काटकसर आणि कंजूषी

कोलिय कुळातल्या दीघजाणू या गृहस्थाने भगवंतांना विचारले की, आम्ही बायका-मुलांत राहणारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगा. भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे कामात दक्षता व कौशल्य. आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे चांगल्या माणसांची संगत. आणि समजीविता म्हणजे मिळकत व खर्च ओळखून समतोल जगणे.

समजीवितेसाठी त्यांनी तराजूचा दृष्टांत दिला. तराजू धरणाऱ्याला कोणते पारडे किती झुकले ते कळते. तसे गृहस्थाला आपली आवक व जावक कळावी, आणि आवकेचे पारडे नेहमी जड असावे. थोड्या मिळकतीत जो ऐटीत राहतो, त्याला लोक उंबर खाणारा म्हणतात. उंबराचे झाड हलवून ढीगभर फळे पाडायची, खायची चार आणि बाकीची मातीत घालवायची, तसा त्याचा खर्च. उलट मिळकत चांगली असून जो पोटाला खात नाही, त्याला लोक उपासमारीने मरणार म्हणून हिणवतात. दोन्ही टोके वाईट. मुलाचे दूध तोडणे, आजाऱ्याचे औषध टाळणे, मुलीची शाळा सोडवणे याला काटकसर म्हणत नाहीत.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी शिलकीला. रोजंदारीच्या माणसाला हे प्रमाण जसेच्या तसे जमणार नाही. पण मिळकत आधी वाटावी आणि मग खर्च करावी, ही शिस्त त्यालाही पाळता येते. कर्ज आहे तोवर शिलकीच्या भागातला मोठा वाटा फेडीला द्यावा, पण थोडे तरी गाठीला ठेवावे. नाहीतर पहिल्याच तापाला पुन्हा कर्ज काढावे लागते.

५. हिशेब

गावाकडे आणि वस्तीत आजही शेकडा पाच रुपये महिना असा दर ऐकू येतो. पाच हा आकडा लहान वाटतो, पण वर्षाला तो शेकडा साठ होतो. दहा हजारांचे उदाहरण घेऊ. पहिल्या महिन्याचे व्याज पाचशे. दरमहा पाचशेच दिले, तर वर्षाला सहा हजार जातात आणि मुद्दल दहा हजार जागच्या जागी राहते. हे आयुष्यभर चालू शकते. सहाशे दिले, तर कर्ज ३७ व्या महिन्यात फिटते आणि एकूण सुमारे २२,००० रुपये जातात. हजार दिले, तर १५ व्या महिन्यात फिटते आणि सुमारे १४,२०० जातात. दीडहजार दिले, तर नवव्या महिन्यात फिटते आणि सुमारे १२,५०० जातात.

यावरून दिसते की, व्याजापेक्षा जास्त दिलेला प्रत्येक रुपया मुद्दल कापतो. म्हणून अनेक देणी असतील, तर सर्वांचे ठरलेले हप्ते सांभाळून वरचे पैसे सर्वांत चढ्या व्याजाच्या देण्यात घालावेत. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. बचत गटातून कमी व्याजाने पैसे मिळत असतील, तर त्यातून चढ्या व्याजाचे देणे मोडावे. पण एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे पैसे उचलू नयेत. मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणारे कर्जही कर्जच आहे, आणि त्याचा तगादा तर नातेवाइकांपर्यंत जातो.

कायद्याची माहितीही असावी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. सावकाराला चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. प्रामाणिक देणे फेडणे हे शील आहे. पण अन्यायाची वसुली मुकाट्याने सोसणे म्हणजे शील नव्हे. बँकेचा हप्ता थकणार असे दिसले, तर तोंड लपवू नये. आधीच जाऊन मुदत वाढवून मागावी.

६. दीक्षेने वाचलेला पैसा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा घरखर्चाच्या दृष्टीने वाचाव्यात. श्राद्ध नाही, पिंडदान नाही, ब्राह्मणाकडून विधी नाही, दारू नाही. नवस, जत्रेचा बोकड, देवऋषी, मुहूर्त यांवर घरे बुडाली. ते सारे एका दिवसात माफ झाले. एवढी मोठी कर्जमाफी दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

परंतु समोरच्या दाराने घालवलेला खर्च मागच्या दाराने परत आला आहे. बौद्ध विवाहाला शुभ्र वस्त्रे, पुष्पहार, त्रिशरण-पंचशील आणि साक्षीला आप्तेष्ट एवढे पुरते. मग हजार पानांचे जेवण, डीजे आणि आहेराची चढाओढ कशासाठी? हुंडा तर कोणत्याच रूपात नको. पुण्यानुमोदनाला गावजेवण घातले, तर जुनी तेरवीच नाव बदलून आली असे समजावे. सिगालोवाद सुत्तात धन गळण्याची सहा भोके सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी भटकणे, खेळ-तमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. सट्टा-मटका आणि मोबाईलवरचा पैशांचा पत्ता ही जुगाराचीच आजची रूपे आहेत.

विहार समित्यांनाही एक विनंती आहे. जयंतीची वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी आणि कमी देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावर पुकारू नये. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने झाडलोट करावी, मुलांना शिकवावे. श्रमाचे दानही दानच आहे.

७. प्रसन्नता कशी राखावी

पगाराच्या किंवा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वंदना झाल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. एका वहीत आवक, जावक आणि उरलेले मुद्दल लिहावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यावे. घरातल्या वडीलधाऱ्या बायांचा सल्ला घ्यावा. कुठे गळती आहे हे त्यांना आधी कळते. मागची चूक उकरून एकमेकांना टोचू नये. सम्यक वाचा इथेच लागते. मुद्दल हजाराने उतरले की येत्या पौर्णिमेला घरी खीर करावी. त्या खिरीला पाहुणे नसले तरी चालतील.

मुलांना "आपण गरीब, आपल्याला काही मिळायचे नाही" असे सांगू नये. "या वर्षी आपण कर्ज फेडतो आहोत" असे सांगावे. पहिल्या बोलण्याने मूल खचते, दुसऱ्याने ते कामात सामील होते. शेजारी नवी गाडी आली तर मुदिता भावना करावी. दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद मानणाऱ्याला बरोबरीसाठी कर्ज काढावे लागत नाही. रोज थोडा वेळ ग्रंथवाचन, गाणे, विहारातली भेट यांना खर्च नाही.

आणि एखाद्याचे मन फारच खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर त्याने त्याच दिवशी कोणाजवळ तरी बोलावे, आणि ज्याला हे कळेल त्याने त्याला एकटे सोडू नये, दवाखान्यात न्यावे. कर्ज माणसाने काढलेले असते. ते माणसापेक्षा मोठे कधीच नसते. कल्याणमित्र म्हणतात तो अशा वेळी दार ठोठावणाराच.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. इणसुत्तातील सहा पायऱ्या सांगा. आपले घर आज कोणत्या पायरीवर आहे?
२. चार सुखांपैकी कोणते सुख पैशावाचून आजच मिळू शकते? त्यासाठी घरात काय बदलावे लागेल?
३. आपल्यावरील कोणते कर्ज कामासाठी आहे आणि कोणते मिरवण्यासाठी झाले?
४. प्रत्येक देण्याचे मुद्दल, व्याजाचा दर आणि हप्ता वहीत लिहा. कोणते आधी फेडावे?
५. दीक्षेने कोणते खर्च बंद झाले? त्यांतले कोणते दुसऱ्या नावाने परत आले?

येत्या पौर्णिमेला ही वही उघडा. पहिल्या पानावर सर्व देणी खरी खरी लिहा. ज्या दिवशी ते पान लिहून होईल, त्या दिवसापासून निदान लपवालपवीचे व्याज तरी थांबेल.

जयभीम.